सुट्टीत घरच्या घरी नाच-नाटक: पोरांना स्टेप शिकवू नका, काम द्या

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या खान्देशात सकाळी दहा-साडेदहानंतर पोरांना बाहेर सोडायची सोयच राहत नाही. जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो, धुळ्यालाही काही वेगळं नाही, मग संध्याकाळपर्यंत एक खोली, एक कूलर, एक मोबाइल आणि त्या मोबाइलवरून भांडणं. माझं म्हणणं असं की याच वेळात घरात नाच आणि नाटक करायला घ्या. क्लास लावायची गरज नाही, ड्रेस नको, मोठा स्पीकर नको, आणि तुम्हाला स्वतःला नाचता येत नसेल तर उलट बरंच आहे, का ते पुढे येईलच.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं तरी दम लागेल अशी हालचाल हवी. मे महिन्यात ती होणार कुठे, तर घरातच. व्यायाम कर म्हटलं की मूल सोफ्याखाली शिरतं, खेळ म्हटलं की जेवायला बोलावलं तरी येत नाही, त्यामुळे हे सगळं खेळ म्हणूनच मांडायचं.

एक गोष्ट मात्र पक्की धरा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. करून दाखवायचं नाही, विचारायचं. "असा हात वर कर" म्हणालात की सगळी पोरं तुमच्या हाताकडे बघत राहतात, कुणाचा बरोबर, कुणाचा चुकला हे सुरू होतं, आणि ज्याचा चुकला तो दुसऱ्या दिवशी येत नाही. तेच जर म्हणालात "तुझ्या खांद्यावर केळीचा मोठा घड आहे आणि बांधावरून चालायचंय, कसा चालशील?" तर प्रत्येक मूल वेगळं चालतं आणि कुणाचंच चुकत नाही. ज्या आईला नाचता येतं तिला करून दाखवायचा मोह आवरत नाही, ज्या आईला येत नाही ती विचारते, आणि म्हणून न येणारीचं जास्त जमतं. रीलवरची स्टेप पाठ करण्यात वाईट काही नाही, करू दे की, पण ती दुसऱ्याने बनवलेली आहे. आपल्याला मुलाला स्वतः काहीतरी बनवायला लावायचंय.

जागा आणि वेळ

खोलीतली टीपॉय, खुर्च्या भिंतीला सरकवा, दोन मुलांनी हात पसरले तर एकमेकांना लागणार नाहीत एवढी मोकळी फरशी पुरे. शहाबादी फरशी पुसली की लगेच नाचायला उतरू देऊ नका, ओल्या फरशीवर घसरून हनुवटी फुटते, आणि मोजे घालून तर अजिबात नाही, अनवाणी. कूलरची वायर बाजूला घ्या. गच्चीवर करायचं तर सूर्य उगवायच्या सुमारास नाहीतर रात्री जेवणानंतर, आणि कठडा नसलेल्या धाब्यावर मुळीच नाही. ओढणी गळ्यात गुंडाळून नाचायला देऊ नका, कमरेला बांधा. पाण्याचा माठ जवळ असू द्या, दर थोड्या वेळाने सगळ्यांनी दोन घोट प्यायचेच.

गाणं लावायचं तर मोबाइल उलटा करून ठेवा, म्हणजे ऐकू येईल पण बघायला काही मिळणार नाही. त्याहून चांगलं म्हणजे स्टीलचा डबा, परात, दोन चमचे, शेंगदाणे घातलेली प्लास्टिकची बाटली. एक मूल वाजवेल, बाकीचे नाचतील, मग अदलाबदल. जो वाजवतो त्याच्या हातात सगळ्यांचा वेग असतो, आणि हे एकदा लक्षात आलं की वाजवायला सगळ्यात दंगेखोर पोरगा बसवा, तो बरोबर लक्ष देतो.

तीन-चार वर्षांच्या मुलांचं दहा मिनिटांत पुरे होतं, त्यांना ओढू नका. सहा-सातच्या पुढची पोरं अर्धा तास सहज रमतात.

आधी अंग मोकळं करू

सुरुवात नावाने करा. गोल उभं राहायचं, प्रत्येकाने आपलं नाव म्हणायचं आणि त्यासोबत एक हालचाल करायची, मग बाकी सगळ्यांनी तेच नाव, तीच हालचाल तशीच्या तशी परत करायची. लाजरं मूल नुसतं खांदा उडवेल, तर सगळ्यांनी खांदा उडवायचा. आपण केलेलं अख्ख्या खोलीने उचललं हे त्याने पाहिलं की पुढच्या फेरीत तो खांदा आपोआप मोठा होतो.

मग स्टॅच्यू. हा खेळ सगळ्यांना येतो, फक्त त्यात थोडी भर घाला. वाजवणारा थांबला की थिजायचं, पण नुसतं थिजायचं नाही, दर वेळी काहीतरी सांगायचं: एकच पाय जमिनीला लागलेला, शरीराचे तीन भाग जमिनीला लागलेले, कुणाच्या तरी पाठीला पाठ, सगळ्यात बुटका, सगळ्यात लांब. तीन भाग म्हटल्यावर पोरं काय काय शोधतात ते बघा, कुणी डोकं टेकवतं, कुणी कोपर.

यानंतरचा खेळ मला फार आवडतो. रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) नावाचे एक मोठे नृत्य-अभ्यासक युरोपात होऊन गेले, हालचालीकडे चार अंगांनी बघायचं असं त्यांनी मांडलं: वजन, वेळ, जागा आणि ओघ. ऐकायला जड वाटतं पण पोरांना ते शेतात नेऊन सांगितलं की लगेच कळतं. वजन म्हणजे, आता तुझ्या हातात कापसाचं एक बोंड आहे, आणि आता गव्हाचं पोतं आहे. वेळ म्हणजे, भिंतीवरची पाल, जी किती वेळ हलत नाही आणि मग एकदम सुटते, आणि याउलट रवंथ करणारी म्हैस. जागा म्हणजे, रुळावरून सरळ जाणारी गाडी (भुसावळच्या पोरांना हे सांगावंच लागत नाही) आणि कुठेही भरकटणारं फुलपाखरू. ओघ म्हणजे, काठोकाठ भरलेली घागर घेऊन चालणं आणि दाव्याचं सुटलेलं वासरू. एकेक जोडी घ्या, आधी एक, मग दुसरी, मग मध्येच बदला. वाजवणाऱ्याला सांगा की पोतं असेल तेव्हा परात, बोंड असेल तेव्हा चमचा. चारही एका दिवसात संपवू नका, एका दिवसाला एक जोडी भरपूर झाली.

मांडे करण्याचा नाच

आता खरं काम. नाच बनवायला विषय कुठून आणायचा हा प्रश्न सगळे विचारतात, आणि तो तर आपल्या स्वयंपाकघरात पडलेला आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) शाळेत गेलेल्या नव्हत्या, जात्यावर दळताना, शेतात काम करताना त्यांना ओव्या सुचत गेल्या आणि मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्यांनी त्या लिहून ठेवल्या म्हणून आज आपल्याला मिळाल्या. हाताला काम असलं की त्याची लय आपोआप येते, मग त्या लयीत शब्द बसतात, तसं अंगही बसतं.

आपल्याकडे मांडे, म्हणजे खापरावरच्या मोठाल्या पुरणपोळ्या, करताना आजीला किंवा काकूला बघायला पोरांना बसवा. नुसतं बसायचं आणि बघायचं, मध्ये बोलायचं नाही. आजी कणीक किती वेळ तिंबते, ताणते, आपटते, पुन्हा ताणते, तेव्हा तिचा जोर कुठून येतो, मनगटातून की खांद्यातून की कमरेतून? पुरण भरलेला गोळा जरा लाटून झाला की ती पोळी दोन्ही हातांवर घेते आणि या हातावरून त्या हातावर फिरवत फिरवत मोठी करत जाते, पंजापासून कोपरापर्यंत पोळी लोंबायला लागते, आणि तरी ती फाटत नाही, बोटं कुठेच रुतत नाहीत, सगळं काम तळहाताच्या आणि मनगटाच्या वरच्या बाजूचं. मान थोडी मागे, कारण समोर चूल पेटलेली. मग एका झोकात ती पोळी चुलीवरच्या उपड्या खापरावर पडते आणि हात लगेच मागे येतात. हे सगळं पोरांनी बघायचं आणि नंतर सांगायचं, कुणी काय पाहिलं. कुणी हात पाहिलेले असतात, कुणी आजीचं तोंड, कुणी पायाची बोटं. मग दुपारी खोलीत यायचं.

चार हालचाली निवडा: तिंबणं, आपटणं, हातावर फिरवणं, खापरावर टाकणं. प्रत्येकीला आठ मात्रा द्या, म्हणजे ३२ मात्रांचा एक तुकडा तयार झाला. आधी अगदी खऱ्यासारखं करायचं, लहान, बसल्या जागी. मग तेच उभं राहून, मोठं. मग हात न वापरता, नुसत्या खांद्यांनी आणि पाठीने पोळी फिरवायची. मग चारपट हळू. मग जमिनीवर झोपून. मग दोघांनी मिळून एक खोलीभर मोठी पोळी धरायची, जी दिसत नाही, आणि ती फाटू द्यायची नाही, म्हणजे एकाने ओढलं की दुसऱ्याने सैल सोडायचं. हे शेवटचं बघण्यासारखं असतं, कारण दोन्ही मुलांचे डोळे त्या नसलेल्या पोळीवर खिळलेले असतात आणि मध्ये कुणी गेलं तर ती ओरडतात, फाटली ना!

यातून पोरांना जे आवडेल ते ठेवायचं, बाकीचं सोडायचं, क्रम त्यांनी ठरवायचा. सुरुवात कशी आणि शेवट कसा हे दोन ठरले की नाच झाला. एका मिनिटाचा असू दे, भरपूर आहे.

मांडे नाही तर कापूस वेचणी घ्या. कमरेला ओटी बांधलेली, वाकायचं, तीन-चार बोटांनी बोंडातून कापूस उपसायचा, ओटीत टाकायचा, दोन पावलं पुढे, आणि मध्येच उठून कमरेवर हात ठेवून पाठ सरळ करायची. या पाठ सरळ करण्यात किती थकवा आहे हे शेतातल्या मुलांना कुणी सांगावं लागत नाही, शहरातल्यांना एकदा शिवारात नेऊन दाखवा. केळीच्या गाड्या भरणारी माणसं रावेर-सावद्याकडे बघायला मिळतात, खांद्यावर गादी, वर घड, एकामागे एक, त्यांच्या चालण्याचा ठेका ऐका. पाखडणंही छान जमतं. मोठ्यांच्या कामाकडे पोरं पहिल्यांदाच एवढं टक लावून बघतात, आणि मला विचाराल तर नाचापेक्षाही ही कमाई मोठी आहे.

फुगडीचं विसरू नका. श्रावणात कानबाईच्या सणाच्या वेळी घरातल्या बायका फुगडी घालतात, तर आत्ताच आजी-मावशीला गाठून विचारा, किती प्रकारच्या येतात. साधी, बसफुगडी, एका हाताची. मुलांना शिकवताना एकसारख्या उंचीच्या जोड्या लावा, हात मनगटापाशी घट्ट, आणि थांबायचं असेल तर आधी वेग कमी करायचा मग हात सोडायचे.

गुलाबाईचा खाऊ, आवाज न करता

नाटकाकडे जायचा सगळ्यात सोपा रस्ता आपल्या गुलाबाईतून जातो. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पोरी गाणी म्हणतात आणि शेवटी खाऊचा डबा वाजवून विचारतात, ओळखा काय? ओळखेपर्यंत खाऊ मिळत नाही. हाच खेळ सुट्टीत घ्या, फक्त डब्याशिवाय. एका मुलाच्या कानात खाऊचं नाव सांगायचं, त्याने तो खाऊन दाखवायचा, तोंडातून आवाज नाही, बाकीच्यांनी ओळखायचं.

पहिल्यांदा सगळेच नुसतं तोंड हलवतात आणि कुणालाच ओळखता येत नाही. तेव्हा सांगू नका, विचारा. शेंगदाणे असतील तर हातात किती? सालं काढलीस का? चोळून फुंकर मारलीस तर सालं कुठे उडाली? बोर असेल तर बी कुठे गेली? जिलेबीचा पाक बोटावरून कुठपर्यंत ओघळला? ऊस सोलताना कोणत्या बाजूचे दात वापरतोस? आंबा आधी चोळलास का, पहिला चीक काढलास का? एवढं विचारलं की तेच मूल दुसऱ्या वेळी असा आंबा खातं की बघणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. नट जे करतो ते हेच, खोटी वस्तू खऱ्या बारकाव्याने हाताळणं.

दुसरी पायरी, कोण खातंय. तोच आंबा कवळी नसलेले आजोबा कसा खातील? ज्याची एसटी सुटायला आलीय तो कसा खाईल? चोरून खाणारा? नवीन साडी नेसलेली मामी? तिसरी पायरी, कुठे. लग्नाच्या पंगतीत, परीक्षेच्या वर्गात, दवाखान्याच्या बाकावर. चौथी पायरी, आणि इथेच नाटक सुरू होतं, दुसरं कुणीतरी आत येतं. चोरून आंबा खाणारा आत आहे आणि बाहेरून आजीची चाहूल आली. आता काय? इथे मी गप्प बसते, पुढचं पोरं स्वतः करतात.

या चार पायऱ्यांना चार दुपारी द्या. घाई केली की मुलं थेट गोंधळाकडे पळतात, मारामारी आणि आरडाओरडा, आणि बारकावे राहून जातात.

आरशाचा खेळ थोडक्यात सांगते. दोघं समोरासमोर, एक हलतो, दुसरा त्याचं प्रतिबिंब. अमेरिकेतल्या व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) यांनी मुलांबरोबर काम करता करता नाट्यखेळांची एक पूर्ण पद्धत उभी केली, त्यात हा खेळ आहे. गुपित एवढंच की हळू हलायचं, कारण पुढच्याला फसवायचं नसतं, बरोबर घेऊन जायचं असतं. गुडघे दुखणाऱ्या आजीलाही खुर्चीत बसून हा खेळता येतो, चालता न येणाऱ्या मुलालाही, म्हणून घरात सगळे असतील तेव्हा तो घ्या.

गोष्टीचं नाटक, न लिहिता

आता पोरं तयार झाली, तर एक छोटं नाटक बसवू. कागदावर संवाद लिहून देऊ नका. पाठ केलेले संवाद मुलं छताकडे बघत म्हणतात. त्याऐवजी चारच प्रश्न विचारा: कोण आहे, कुठे आहे, त्याला काय हवंय, आणि मध्ये कोण आडवं येतंय.

उदाहरण देते. चोपड्याच्या स्टँडवर रात्रीची शेवटची एसटी उभी आहे. एक म्हातारी आहे, तिच्याजवळ बकरी आहे. तिला बकरीसकट गावी जायचंय. कंडक्टरला ते नकोय. प्रवाशांपैकी अर्धे म्हातारीकडून, अर्धे कंडक्टरकडून. बकरीलाही काहीतरी हवंय, हे फार महत्त्वाचं, तिला म्हातारीच्या पिशवीतली भाजी हवीय. एवढं ठरवा आणि म्हणा, चालू. चार खुर्च्या मागे-पुढे लावल्या की एसटी झाली, स्टील डब्याचं झाकण स्टीअरिंग.

आणि एक करा, अहिराणीत बोलू द्या. शाळेत, पाहुण्यांसमोर आपण पोरांना सारखं नीट बोल, शुद्ध बोल म्हणत असतो, आणि मग ती नाटकात पुस्तकासारखं बोलतात. आजीसारखं बोल म्हटलं की बघा कसं सुटतात. "बकरीले तिकीट लागस का हो?" असं म्हातारीने विचारलं आणि कंडक्टरने "लागस, अर्धं!" म्हटलं की खोली हसून हसून लोळते. ज्या मुलांना अहिराणी येत नाही ती आजोबांकडे शब्द विचारायला जातात, तेवढ्यासाठी तरी हे करा. घरात पावरी, भिलोरी, तावडी, लेवा बोलली जात असेल तर ती. नाटकात सगळ्यांना एकच बोली हवी असं कुठे आहे, स्टँडवर तरी असते का?

ज्यांना पात्र व्हायचं नाही त्यांच्यासाठीही आपल्याकडे सोय आहे. आपल्या वहीगायनात, म्हणजे खान्देशातल्या लोकगायनात, एक जण डफावर ओळ टाकतो आणि बाकीचे ती उचलून धरतात. तसा एक जथा बाजूला बसवा, डबे-परात घेऊन. म्हातारीने काही म्हटलं की शेवटचे शब्द ते उचलतील, गाडी सुरू झाली की आवाज ते काढतील, घाट लागला की तेच झुलतील. बऱ्याचदा या जथ्यातला लाजरा मुलगाच चौथ्या दिवशी म्हणतो, मी बकरी होऊ का.

रात्री लाइट गेली तर सावल्या

दोरीवर पांढरी चादर किंवा आजोबांचं धोतर ताणून बांधा, मागे टॉर्च, पुढे प्रेक्षक. पुठ्ठ्याच्या आकृती कापून झाडूच्या काडीला चिकटवा. वस्तू टॉर्चजवळ नेली की सावली मोठी होते, पडद्याजवळ आणली की लहान आणि रेखीव, हे सांगू नका, त्यांना सापडू द्या. उंदीर टॉर्चकडे सरकत सरकत हत्तीएवढा होतो हे एकदा दिसलं की अर्धी गोष्ट तिथेच सुचते. टॉर्च एकच असावी, दोन लावल्या की सावल्याही दोन पडतात. आणि मेणबत्ती, दिवा नको, चादर जवळ आहे.

माणसांच्या सावल्याही करा. दोन मुलं एकामागे एक उभी राहून चार हातांचा प्राणी, पाठीवर पिशवी लावून कुबड. चेहरा दिसत नाही म्हणून जी पोरं एरवी पुढे येत नाहीत ती इथे खुलतात.

मुखवटे बनवायचे तर जुने पेपर रात्रभर भिजवा, कुटा, त्यात मेथीची पूड आणि पिठाची खळ घाला, उपड्या वाटीवर किंवा फुग्यावर थापा. आपल्या उन्हात एका-दोन दिवसांत खडखडीत वाळतात, हा एक फायदा आपल्या मे महिन्याचा आहे. डोळ्यांची भोकं मोठी ठेवा, नाकाखाली मोकळं. मुखवटा घातला की चेहरा बोलत नाही, मग सगळं मानेने आणि पाठीने बोलावं लागतं, हे पोरांना आरशासमोर उभं करून दाखवा. नाशिक-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात बोहाड्याची सोंगं निघतात, मोठाले मुखवटे घालून रात्रभर, ती बघायची संधी मिळाली तर मुलांना जरूर न्या.

इथे एक मनापासून सांगायचंय. शाळांच्या गॅदरिंगमध्ये "आदिवासी डान्स" म्हणून पोरांना पाल्याचे घागरे घालतात, तोंडाला काळं फासतात. घरी तरी हे करू नका. नंदुरबारकडे सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावच्या होळीला लोक कमरेला घुंगरू आणि वाळलेले भोपळे बांधून, डोक्याला मोरपिसांचे टोप घालून रात्रभर ढोलावर नाचतात, त्यातल्या एकेका वस्तूमागे व्रत आहे, नियम आहे. त्यांच्याकडून शिकायचं तर गोल शिकूया, खांद्याला खांदा लावून एकाच ठेक्यावर एकत्र सरकणं शिकूया. कमरेला हात घालून आठ-दहा मुलांनी ओळीत उभं राहायचं आणि कुणालाही न ओढता सगळ्यांनी एकदम डावीकडे सरकायचं, करून बघा किती अवघड आहे आणि जमलं की किती भारी वाटतं.

जी मुलं नाही म्हणतात

पाहुणे आले की "नाचून दाखव ना बेटा" हे बंद करा. अगदी बंद. मूल जे स्वतःच्या खोलीत मोकळेपणाने करतं ते असं मागणीवर काढायला लावलं की ते पुन्हा कधीच काढत नाही. नाही म्हणणाऱ्याला बघत बसू द्या, बघणं हेसुद्धा काम आहे, त्याला विचारा की तुला काय दिसलं. डबा वाजवायला द्या, टॉर्च धरायला द्या, पडदा ओढायला द्या. चारचौघात हसू नका, आणि गोडसं झालं म्हणूनही हसू नका, पोराला ते टोचतं.

नाच पोरींचा असं म्हणणारा एखादा मुलगा असतोच, बहुतेक वेळा ते घरातल्या कुणाकडून तरी ऐकलेलं असतं. त्याच्याशी वाद घालू नका. डफ वाजवत वही गाणारे, होळीला रात्रभर नाचणारे, लग्नात बँडपुढे घाम गाळणारे कोण असतात ते त्याच्या बाबांनाच सांगायला लावा, आणि जमलं तर बाबांना पोळी धरायला खोलीत घ्या.

बारा-तेराच्या पोरांना लहानांबरोबर खेळायला लाज वाटते. त्यांना दिग्दर्शन द्या, पण वरचा नियम त्यांनाही लागू: करून दाखवायचं नाही, विचारायचं. हे त्यांना लहानांपेक्षा जड जातं.

शेवटी घरच्यांसमोर

काहीतरी तयार झालं की घरच्यांना दाखवायला पोरांना आवडतं. २९ एप्रिलला जागतिक नृत्य दिन असतो, १९८२ पासून साजरा होतो, बरोबर सुट्टीतच येतो, तर तो दिवस धरा किंवा आपला कुठलाही रविवार. ओट्यावर किंवा अंगणात, जेवणं झाल्यावर, गल्लीतल्या लोकांनी घरून सतरंज्या आणायच्या. सगळं मिळून पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका. मांड्यांचा नाच, एक सावल्यांची गोष्ट, बकरीची एसटी, झालं. कपडे घरचेच, सगळ्यांनी एका रंगाचं काहीतरी घातलं तरी पुरे. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही, द्यायचाच असेल तर सगळ्यांना एकेक आइस्क्रीम.

विसरलं तर आतून शब्द सुचवू नका, सोबतचं पोर सांभाळून घेतं, घेऊ द्या.

झाल्यावर मोठ्यांनी "छान छान" म्हणून उठू नये, तिथेच थोडं बसावं आणि काय दिसलं ते सांगावं: "पोळी टाकताना तू मान मागे घेतलीस ते मला दिसलं", "बकरी पिशवीकडे बघत होती तेव्हा मला वाटलं आता खाणार". मुलांना विचारावं, पुन्हा केलं तर काय बदलशील. ज्या आजीच्या मांड्यांवरून नाच बनवला तिला पुढच्या ओळीत बसवा आणि पहिल्यांदा तिलाच बोलू द्या. आणि व्हिडिओ काढलाच असेल तर स्टेटसला टाकायच्या आधी त्यातल्या प्रत्येक मुलाला विचारा, एकानेही नको म्हटलं तर टाकू नका.